काजव्यांची खोली: एका डिजिटल कलामांडणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात मुलांसाठी निसर्ग-विज्ञान केंद्र चालवणारी एक विश्वस्त संस्था आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत काजव्यांवर एखादं इमर्सिव्ह, म्हणजे पाहणाऱ्याला चहूबाजूंनी वेढणारं, प्रदर्शन करावं, असं त्यांनी ठरवलं आणि काम आमच्या छोट्या स्टुडिओकडे आलं. प्रकाशयोजना आणि प्रोग्रॅमिंग माझ्याकडे होतं. संस्था, प्रायोजक, गाव आणि माणसं यांची नावं इथे मुद्दाम टाळली आहेत.

असं प्रदर्शन करावंसं का वाटलं, हे समजायला दोन गोष्टी ठाऊक हव्यात.

पहिली गोष्ट जंगलातली. सह्याद्रीत मे अखेरीपासून मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत काजव्यांचा हंगाम असतो. भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, पुरुषवाडी, राजमाची, भीमाशंकर या बाजूला सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशी झाडं त्या दिवसांत रात्री लखलखत असतात. काजवा हा भुंग्यांच्या गणातला कीटक. जगभरात त्याच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत. अळी अनेक महिने ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढते. पंख फुटलेल्या काजव्याला मात्र मोजके आठवडेच मिळतात, आणि तेवढ्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो. त्याचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. गाडीचे हेडलाइट, टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश यांच्या उजेडात ती साद हरवते. २०२० साली कीटकतज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत काजव्यांवरची तीन मोठी संकटं पुढे आली: अधिवासाचा नाश, रात्रीचा कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं. आपल्याकडे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात हंगामातल्या शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. वनविभागाला रात्रीच्या प्रवेशावर निर्बंध घालावे लागले, ते यामुळेच.

दुसरी गोष्ट कलेतली. निसर्गावर बेतलेली, माणसाला चहूबाजूंनी वेढणारी डिजिटल दालनं आता जगभर उभी राहतात. २००१ साली टोकियोत स्थापन झालेल्या ‘टीमलॅब’ या गटाची फुलापाखरांची, धबधब्यांची दालनं त्यांत सर्वांत प्रसिद्ध. त्यांचं ‘बॉर्डरलेस’ हे दालन २०१८ मध्ये टोकियोच्या ओदाइबा भागात सुरू झालं आणि २०२४ मध्ये तिथल्याच अझाबुदाई हिल्सला गेलं. व्हॅन गॉगच्या चित्रांचे प्रोजेक्शन शो आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही येऊन गेले. त्यामुळे ‘इमर्सिव्ह’ म्हटलं की पाहणाऱ्याच्या आणि पैसे देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं: चारी भिंतींवर झगझगीत रंग आणि मधोमध फोटो काढणारी माणसं.

संस्थेचा हेतू सरळ होता. जंगलात न जाता लोकांना काजवे अनुभवता यावेत आणि जंगलावरचा भार थोडा हलका व्हावा.

अडचण काय होती

अगदी पहिल्या बैठकीत एका विश्वस्तांनी विचारलं, “खरे काजवे आणून काचेच्या पेटीत ठेवता येतील का? मुलांना जवळून बघता येतील.” त्यावर फार चर्चा झाली नाही. जे वाचवायचं तेच पकडून आणायचं, हे कोणालाच पटलं नाही, आणि अभयारण्यातून कीटक उचलणं कायद्यातही बसत नाही.

खरी अडचण पुढे आली ती पहिल्या चाचणीत. हॉल साधारण हजार-बाराशे चौरस फुटांचा. भिंतींवर भाड्याच्या प्रोजेक्टरनी जंगल उमटवलं, त्यावर हिरवट ठिपके सोडले, पार्श्वभूमीला रातकिड्यांचा आवाज लावला. दिसायला देखणं होतं. संस्थेच्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना आत सोडलं. मिनिटभरात जवळजवळ प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. कुणी व्हिडिओ काढत होतं, कुणी फ्लॅश मारून मुलांचे फोटो घेत होतं. पडद्यांच्या उजेडाने हॉल उजळून गेला आणि भिंतींवरचे काजवे फिके पडले.

प्रायोजकाचा प्रतिनिधी खूश होता. लोक फोटो काढतायत म्हणजे प्रदर्शन चालणार, असा त्याचा हिशेब होता. संस्थेच्या संचालक बाई मात्र बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “हे बघून गेलेली माणसं पुढच्या महिन्यात भंडारदऱ्याला जातील आणि तिथेही हेच करतील. आपण त्यांचा सराव करून घेतोय.”

या वाक्याने कामाची दिशा बदलली. काजवे किती हुबेहूब दिसतात हा प्रश्न मागे पडला. आत आलेल्या माणसाचं अंग काय शिकून बाहेर पडतं, हा प्रश्न पुढे आला. माझ्या मते निसर्गावरच्या प्रत्येक इमर्सिव्ह कामाला हा प्रश्न विचारायला हवा, आणि बहुतेक ठिकाणी तो विचारलाच जात नाही.

समोरचे पर्याय

तीन पर्याय मांडले गेले.

एक, प्रोजेक्शन तसंच ठेवायचं आणि मोबाइलवर बंदी घालायची. दारात लॉकर ठेवायचे. हे सोपं होतं, पण बंदी दारापुरतीच टिकते. शिवाय लहान मूल घरी ठेवून आलेल्या आईला फोन जमा करा म्हणणं संस्थेला बरोबर वाटेना.

दोन, हेडसेट. प्रत्येकाच्या डोळ्यांवर आभासी जंगल चढवायचं. मोबाइलचा प्रश्नच मिटला. पण एका वेळी मोजकीच माणसं आत जाणार, लहान मुलांना ते जड होणार, आणि शेजारी बसलेल्या आजीचा हात धरून अंधारात बसण्याचा अनुभव हातचा जाणार. हा पर्याय लवकर बाद झाला.

तीन, प्रोजेक्टर काढून टाकायचे, खोली खरोखर काळोखी करायची आणि उजेड झाला की तिथले काजवे विझतील अशी रचना करायची. आत नियमाची पाटी लावायची नाही. उजेडाचा परिणाम माणसाला स्वतः बघू द्यायचा.

तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने एक तांत्रिक कारणही होतं, आणि मला ते निर्णायक वाटलं. प्रोजेक्टरचा काळा रंग काळा नसतो. भिंतीवर ‘काही नाही’ दाखवतानाही तो राखाडी उजेड फेकतच असतो. आपल्या डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण पहिल्या आठ-दहा मिनिटांतही बराच फरक पडतो. तेवढ्या वेळात भिंतीचा राखाडीपणा ढळढळीत दिसू लागतो आणि जंगलाचा भास तुटतो. काजव्यांसाठी अंधार हेच मुख्य द्रव्य, आणि प्रोजेक्टर नेमका तोच देऊ शकत नाही.

प्रायोजकाचा विरोध होता. काळोख्या खोलीचा फोटो येत नाही आणि फोटो नाही तर प्रसिद्धी नाही, हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी तोडगा असा निघाला: बाहेरच्या ओसरीत उजेडातली एक भिंत फोटोसाठी ठेवायची, तिथे प्रायोजकाचं नाव लावायचं आणि आतली खोली पूर्णपणे आमच्या हातात राहील.

काय काय केलं

सगळ्यात आधी एका गावात जाऊन राहिलो. हंगामात पर्यटकांना काजवे दाखवायला नेणारे तिथले एक दादा आमच्याबरोबर रानात फिरले. त्यांचं बोलणं मोजकं, पण त्यातली एकेक गोष्ट रचनेत उतरली. “समदीच झाडं पेटत न्हाईत. एक गच्च भरतं, शेजारचं रिकामं राहतं,” ते म्हणाले. वारा सुटला की चमकणं कमी होतं, गाडीचा उजेड पडला की झाड विझतं आणि पुन्हा भरायला वेळ लागतो, हेही त्यांनी उभ्या उभ्या दाखवलं. आमच्या आराखड्यात नऊच्या नऊ झाडांवर दिवे होते. परत आल्यावर पाच झाडं रिकामी केली. पैसे देणाऱ्यांना ती पाच झाडं शेवटपर्यंत वाया गेल्यासारखी वाटत राहिली. मला मात्र ती खोलीतली सर्वांत खरी गोष्ट वाटते. रिकाम्या झाडांमुळेच भरलेल्या झाडाकडे पाय वळतात.

झाडं कारवीच्या काठ्या, बांबू आणि सुतळी यांची बांधली. सात वर्षांनी फुलून वाळलेल्या कारवीच्या काठ्या डोंगरातल्या घरांच्या कुडाला वापरतात, तीच ही काठी. अंधारात तिचा आकार दिसत नाही, पण हात लागला की खरखरीत लागते.

दिव्यांचं काम सर्वांत किचकट ठरलं. नेहमीच्या रंगीत एलईडी पट्टीला उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. उजेडी खोलीत तेवढ्या पुरतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला मात्र त्यांतली सर्वांत खालची पायरीसुद्धा टोचते, आणि उजेड वाढताना टप्प्याटप्प्याने उड्या मारतो. काजवा तसा लागत नाही, तो उमलतो आणि मावळतो. म्हणून ४०९६ पायऱ्या देणारे ड्रायव्हर, म्हणजे दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारी सर्किटं, घेतले आणि प्रत्येक दिव्यावर काळ्या फिल्मचा बारीक तुकडा चिकटवला. रंगाचाही घोळ होता. आजच्या हिरव्या एलईडीचा हिरवा सिग्नलच्या हिरव्याकडे झुकतो. काजव्याचा प्रकाश पिवळसर हिरवा, साधारण ५५० ते ५८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा. बुधवार पेठेतल्या एका दुकानात जुन्या पद्धतीचे मिणमिणते हिरवे इंडिकेटर दिवे मिळाले, जुन्या टेपरेकॉर्डरवर असायचे तसले. त्यांचा प्रकाश ५७० नॅनोमीटरच्या जवळपास पडतो. आज कोणी फारसे विचारत नाही असे हे दिवे इथे अगदी चपखल बसले.

मग प्रश्न लयीचा. एका सहकाऱ्याने सुरुवातीला सगळ्या दिव्यांना एकच ताल दिला होता. सगळं झाड एकदम लागायचं, एकदम विझायचं. लग्नाच्या मांडवावरची माळ दिसावी तसं ते दिसलं. खऱ्या झाडावर कोणी ताल धरून देणारा नसतो. प्रत्येक काजव्याचं आपलं घड्याळ असतं, आणि शेजारचा चमकला की ते किंचित पुढे सरकतं. अशा असंख्य छोट्या सरकण्यांतून सगळं झाड हळूहळू एका लयीत येतं. जपानी शास्त्रज्ञ योशिकी कुरामोतो यांनी १९७५ साली एकमेकांना ओढणाऱ्या अशा लयींचं गणित मांडलं. पुढे १९९० मध्ये मिरोलो आणि स्ट्रोगॅट्झ या अमेरिकी गणितज्ञांनी काजव्यांसारख्या, नेमक्या चमकेच्या क्षणी शेजाऱ्याला ढकलणाऱ्या घड्याळांचं गणित सोडवलं. आम्ही प्रत्येक दिव्याला स्वतंत्र घड्याळ दिलं आणि त्याचे शेजारी ठरवून दिले. लय आपोआप जुळू लागली, मधेच बिघडूही लागली. चमकण्याचा वेग कधीही सेकंदाला तीनच्या वर जाऊ नये, ही मर्यादा प्रोग्रॅममध्येच पक्की केली. वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काहींना फिट येऊ शकते. १९९७ साली जपानमध्ये एका कार्टूनच्या भागामुळे शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. प्रवेशद्वारी तशी सूचनाही लावली.

प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी उजेड मोजणारे छोटे सेन्सर बसवले. जवळ उजेड झाला की ते झाड विझतं. किती वेळाने पुन्हा भरायचं, यावर मात्र बरीच डोकेफोड झाली. वेळ अगदी कमी ठेवला तर मुलांना खेळ मिळाला: टॉर्च लावा, झाड विझवा, पुन्हा पेटताना बघा. वेळ फार वाढवला तर एकाने मोबाइल काढला की बाकीचे त्याच्यावर चिडायचे आणि खोलीत भांडण लागायचं. शेवटी असं केलं की विझलेलं झाड दोनेक मिनिटं काळोखात राहील आणि मग एका कडेने, एकेक दिव्याने भरत येईल. कंटाळा यावा इतका हा वेळ, आणि म्हणून त्यात खेळ उरला नाही.

अग्निशमन अधिकाऱ्यांशी चर्चा झाली. बाहेर पडण्याच्या दाराची हिरवी पाटी बंद ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. म्हणून दाराआधी वळणाचा बोळ बांधला. पाटी बोळात कायम पेटलेली राहते आणि तिथपर्यंत नेणारी मंद लाल रेघ जमिनीवर आहे. लाल प्रकाशाने डोळ्यांची अंधाराची सवय फारशी मोडत नाही. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये काजवे बघायला येणाऱ्यांना टॉर्चवर लाल कागद लावायला सांगतात, ते याचसाठी. आत येण्याचा बोळही असाच लांब आणि हळूहळू काळोखा होत जाणारा केला, म्हणजे डोळ्यांना तयारीला अवधी मिळतो.

काय घडलं

एका वेळी बारा जण, साधारण वीस मिनिटं, अशा तुकड्या केल्या. पहिली पाच मिनिटं लोक अस्वस्थ असायचे. “काही दिसत नाहीये,” “सुरू झालं का?” हे ठरलेलं. मग कुणीतरी मोबाइल काढायचं, झाड विझायचं, आणि पाचातल्या चार तरी तुकड्यांत दुसऱ्यांदा कोणी काढायचं नाही. एकदा आजोबांनी नातवाला हळूच सांगितलेलं मी ऐकलं, “बंद कर रे, ते घाबरतात.” आत दिवे होते, काजवे नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आमच्या कोणाच्याही डोक्यात न आलेली गोष्ट एका लहान मुलीमुळे कळली. तिच्या बुटांच्या टाचेत लुकलुकणारे दिवे होते. ती ज्या झाडाकडे पळेल ते विझे. तिला वाटलं झाडं तिच्यावर रुसली. ती रडायला लागली. मदतीला असलेल्या ताईंनी तिला उचलून घेतलं, बूट काढून बाहेर ठेवले आणि पुन्हा आत आणलं. झाड भरत आलं तेव्हा ती त्याच्या बुंध्याशी मांडी घालून बसली होती आणि तुकडी संपली तरी उठायला तयार नव्हती. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्याच चपला-बूट बाहेर ठेवले, आत काथ्याची चटई अंथरली. स्मार्टवॉचवर घालायला जुन्या काळ्या मोज्यांचे पट्टे शिवले.

प्रसिद्धीची भीती फारशी खरी ठरली नाही. ओसरीतल्या भिंतीपाशी फोटो निघत राहिले, आणि सुट्टी संपेपर्यंत बहुतेक तुकड्या भरलेल्या होत्या.

हेतूचं काय झालं, याचं उत्तर मात्र सरळ नाही. खोलीतून बाहेर आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न असायचा: “खरे कुठे बघायला मिळतात?” मदतीला असलेली मुलं उत्साहाने गावांची नावं सांगत. शेवटच्या फलकावर आम्ही ज्या गावात राहिलो त्याचं नाव कृतज्ञतेने लिहिलेलं होतं. हंगाम तोंडावर आलेला. गावातल्या दादांचा संचालक बाईंना फोन आला, की तुमचं प्रदर्शन बघून आलो असं सांगणाऱ्या गाड्या येतायत. ते नाराज नव्हते, त्यांचा धंदा वाढत होता. पण गाड्या थेट झाडाखाली लावू नका हे प्रत्येकाला सांगून ते थकले होते. संस्थेने दुसऱ्याच दिवशी फलकावरून गावाचं नाव काढलं आणि त्या जागी, काजवे बघायला गेल्यावर काय पाळायचं ते लिहिलं: गाडी लांब लावून पायी जा, टॉर्चला लाल कागद लावा, झाड हलवू नका, काजवा बाटलीत भरू नका, स्थानिक वाटाड्याला सोबत घ्या.

खोली बघून गेलेली माणसं रानात वेगळी वागली का? दादांचा अनुभव असा, की त्यांतल्या काहींनी न सांगता मोबाइल खिशात ठेवले. काहींनी नाही ठेवले.

काय वेगळं करता आलं असतं

प्रदर्शनाची वेळ हा माझ्या मते सर्वांत मोठा निर्णय होता आणि तो सर्वांत कमी चर्चेत झाला. शाळांना सुट्टी म्हणून मे, एवढाच विचार. काजव्यांच्या हंगामाच्या ऐन तोंडावर काजव्यांची ओढ लावणं म्हणजे भार हलका करण्याऐवजी माणसं तिकडे पाठवणं. हेच प्रदर्शन दिवाळीच्या सुट्टीत असतं तर बघणाऱ्याला रानात जायला सात महिने थांबावं लागलं असतं. तेवढ्या अवधीत नुसती हौस असलेले गळतात.

गावाचा वाटाही आधी ठरायला हवा होता. दादांना सोबतीचे दिवसाचे पैसे दिले, फलकावर आभार मानले. पण रिकाम्या झाडांची कल्पना, वाऱ्याबरोबर मंद होणारी चमक, विझून भरण्याचा वेग, ही सगळी त्यांची माहिती रोज तिकिटावर विकली जात होती. डोळ्याने बघून, वर्षानुवर्षं रात्री जागून मिळवलेलं हे ज्ञान आहे आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला जसं मानधन मिळतं तसं त्यालाही मिळायला हवं. करारात तिकिटाच्या रकमेतला ठरावीक भाग गावाच्या वनसमितीला द्यायचा, असं कलम सुरुवातीलाच घालता आलं असतं. कल्पना निघाली ती प्रदर्शन अर्ध्यावर आल्यावर, आणि तेव्हा हिशेब प्रायोजकाशी बांधलेले होते.

खोली काळोखी ठेवण्याचा निर्णय मी पुन्हाही तसाच घेईन. पण घाबरणाऱ्यांसाठी वेगळी सोय हवी होती. काही मुलं, काही मोठी माणसंही दारातूनच परत गेली. पुढच्या वेळी दिवसातली एक तुकडी बोळातला लाल उजेड आतपर्यंत आणून चालवावी, असा विचार आहे. सेन्सर त्या लालीला सरावतील एवढा फरक प्रोग्रॅममध्ये करता येतो.

प्रदर्शन पुन्हा मांडायचं संस्थेने ठरवलं आहे, या वेळी दिवाळीच्या सुट्टीत. वनसमितीच्या वाट्याचं कलम मसुद्यात घातलं आहे. प्रायोजकाने तारखेला होकार दिला आहे, कलमावर अजून सही केलेली नाही.